मदत हवी आहे: नाशिकहून दोन लहान मुलांना घेऊन समुद्र. डहाणू-बोर्डी, तिथल की अलिबाग?

नमस्कार मंडळी,

थंडीच्या सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचा आहे. लेक पाच वर्षांची, तिला गाडी लागते. मुलगा दीड वर्षाचा, त्याला गाडी लागत नाही, पण गाडीत बसणंच मान्य नाही. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. गाडी वॅगन आर, सीएनजीवाली. म्हणजे डिकीत टाकी आणि तिच्यापुढे जेमतेम दोन पिशव्यांची जागा. डायपरचं पुडकं, थर्मास, वाळूत खेळायच्या बादल्या आणि सासूबाईंची उशी कुठे कोंबायची, ते अजून ठरायचंय.

नवरा म्हणतो, जायचंच तर गणपतीपुळ्याला जाऊ. लग्नाआधी मित्रांबरोबर रात्रभर गाडी हाणत गेलेला माणूस तो. त्याच्या डोक्यात गणपतीपुळे अजून तेवढंच जवळ आहे. माझं म्हणणं, या वयात मुलांना कुठलाही समुद्र चालतो. पाणी, वाळू आणि ओरडायला मोकळी जागा मिळाली की झालं. म्हणून किनारा किती देखणा हे मी बघतच नाहीये. गाडीत किती तास काढायचे, एवढंच बघतेय.

त्या हिशोबाने तीन पर्याय उरलेत.

अलिबाग: इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा समृद्धीचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो. जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, लेकीला त्याचंच जास्त अप्रूप. पण समृद्धी संपली की पुढे भिवंडी, कळंबोली, पेण, वडखळ. सुट्टीच्या दिवशी त्या रांगेत दीड वर्षाचं पोर घेऊन अडकायची माझी तयारी नाही.

तिथल: पेठ रस्त्याने सावळघाट, कोटंबी घाट उतरून गुजरातेत, मग वलसाड. तिथली वाळू काळी आहे म्हणतात. कोणी लहान मुलांना घेऊन गेलं असेल तर सांगा, मला फारशी माहिती नाही.

डहाणू-बोर्डी: माझा कल इकडे आहे. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मग कासा-चारोटी करून महामार्ग ओलांडायचा की डहाणू. दीडशे किलोमीटरच्या आसपास. किनारा उथळ, सुरूची झाडं आहेत म्हणजे सावली, आणि चिकूच्या वाड्यांमध्ये घरगुती राहायची सोय होते असं ऐकलंय. अडचण एकच, रस्ता वळणावळणांचा.

आता लेकीबद्दल. तिचं ठरलेलं असतं. आधी अखंड चाललेली बडबड थांबते. मग फ्रॉकची कॉलर तोंडात जाते, एकामागून एक जांभया, आणि "आई, तोंडात पाणी येतंय" म्हटलं की आमच्याकडे मोजून अर्धा मिनिट असतो. घाटात अर्ध्या मिनिटात गाडी बाजूला कुठे घेणार? आलेपाक, लिंबू, आवळासुपारी सगळं करून झालं. आवळासुपारी तिला इतकी आवडली की आता ती मिळावी म्हणूनच "मळमळतंय" म्हणते, त्यामुळे खरं कुठलं आणि नाटक कुठलं तेही कळेनासं झालंय.

बसायचं असं ठरवलंय: सासूबाई पुढे, मागे डावीकडे धाकट्याची कार सीट, उजव्या खिडकीला लेक, मध्ये मी. कार सीटवरून घरात रोज वाद आहे. "एवढंसं पोर, त्याला काय बांधून ठेवायचं, मांडीवर घे" असं सासूबाई म्हणतात. २०१९ च्या सुधारणेनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे, हे सांगून पाहिलं. दंडाचं ऐकून त्या गप्प बसल्या, पटलं असं नाही.

माझे प्रश्न:

त्र्यंबक रस्त्याची सध्या काय अवस्था आहे? कुंभमेळ्याची कामं चालू आहेत म्हणून विचारतेय. पहाटे पाचला इंदिरानगरहून निघालं तर मुलं झोपेत किती अंतर कापलं जाईल? मोखाडा-जव्हार पट्ट्यात सासूबाईंना जाता येईल असं स्वच्छ स्वच्छतागृह कुठे? आणि बोर्डीला ओहोटीत पाणी फार लांब जातं असं ऐकलंय, मग मुलांना घेऊन किनाऱ्यावर कधी जायचं?

"ट्रेनने जा" असं कृपया सांगू नका. नाशिकरोडहून डहाणूला जायचं म्हणजे कल्याण, मग वसई, असा वळसा. सामान आणि मुलं घेऊन इतके जिने चढणं-उतरणं सासूबाईंना जमणार नाही.

प्रतिसाद १

ताई, बोर्डीच करा. त्र्यंबकपर्यंतच्या कामांसाठी अर्धा तास जास्तीचा धरा. पहाटे पाचला निघायची कल्पना चांगली, पण लेकीला उपाशी नेऊ नका, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. कोरडी पोळी किंवा खाकरा द्या. दूध नको.

गाडी लागण्याचं कारण सोपं आहे. पाच वर्षांचं मूल मागे बसलं की त्याला पुढच्या सीटची पाठच दिसते. डोळे म्हणतात आपण स्थिर आहोत, कान म्हणतो गाडी वळतेय. तिच्याखाली बूस्टर सीट घ्या, म्हणजे समोरचा रस्ता दिसेल. मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक घाटात बंद. गोळी द्यायचीच असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका.

स्वच्छतागृहासाठी रस्त्यावर शोधत बसू नका. जव्हार गावात शिरा, एखाद्या बऱ्या हॉटेलात बसून नाश्ता करा, सासूबाईंचे पायही मोकळे होतील. सीएनजी नाशिकलाच पूर्ण भरा आणि पेट्रोलही निम्मं ठेवा. वाटेत पंपाच्या भरवशावर राहू नका.

प्रतिसाद २

मी मूळचा डहाणूकडचा, म्हणून भरतीचं सांगतो. आमच्याकडे म्हातारी माणसं तिथीवरून हिशोब करतात. तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा मुंबईकडचा हिशोब, डहाणूला भरती त्याहून थोडी उशिरा येते. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर वेळ ताडून बघा.

तुमच्यासाठी सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे. संध्याकाळी भरती असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणासारखा जोर नसतो, भांगाची भरती असते. चारच्या सुमारास किनाऱ्यावर जा. पाणी आपणहून तुमच्याकडे येत राहतं आणि तुम्ही मुलांना घेऊन मागे सरकत राहायचं. पूर्ण ओहोटीत गेलात तर पाण्यापर्यंत चालतानाच मुलं दमतील, मध्ये चिखलाचे पट्टेही लागतात. आणि भरती लागल्यावर गाडी वाळूत नेऊ नका, कोणी कितीही "सगळे नेतात" म्हटलं तरी.

मोठाली रिसॉर्ट शोधाल तर फार सापडणार नाहीत. १९९१ पासून हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे, बांधकामावर बंधनं आहेत. चिकूच्या वाडीतलंच घर बघा, मुलांना दुपारी सावलीत हुंदडता येईल. खोली मात्र तळमजल्यावरचीच मागा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. तिथीचा हिशोब सासूबाईंना वाचून दाखवला, तर त्या लगेच कालनिर्णय घेऊन बसल्या आणि तारीखही काढून मोकळ्या झाल्या. नवऱ्याला अजून गणपतीपुळेच हवंय, पण आता घरात तीन विरुद्ध एक आहे.

एक राहिलंच. बूस्टर सीट, कार सीट आणि मध्ये मी, असं तिन्ही वॅगन आरच्या मागच्या सीटवर बसतं का? कोणी प्रत्यक्ष बसवून पाहिलं असेल तर सांगा, विकत घेण्याआधी कळलेलं बरं.