फोन "वळवणे" की "मार्गे लावणे"? आउटबाउंड रूटला मराठीत काय म्हणता?

अनुवादिनी:
मंडळी, एका क्रियापदावर दोन दिवस अडकलेय. एका पतसंस्थेसाठी ऑफिसचे फोन कसे वापरायचे याची दोन पानी सूचना मराठीत करून देतेय. हेड ऑफिस पुण्यात, शाखा नाशिकला, दोन्हीकडे आपापलं ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं यंत्र) आणि ती दोन्ही यंत्रं आतून एकमेकांना जोडलेली. पुण्यातल्या माणसाने ८ दाबून नाशिकचा नंबर लावला की फोन आधी आतल्या लिंकवरून नाशिकच्या यंत्रात जातो आणि तिथल्या लाइनवरून बाहेर पडतो, समोरच्याला ०२५३ चा नंबर दिसतो. नाशिकचे सभासद ०२० बघितलं की उचलत नाहीत म्हणून ही सोय. इंग्रजी कागदात याला आउटबाउंड रूट म्हटलंय. मी लिहिलं, "नाशिकचे जावक कॉल नाशिकच्या ट्रंकवर वळवावेत." (ट्रंक म्हणजे यंत्रातून बाहेर जाणारी लाइन.) ते वाचून वसुलीच्या टेबलावरच्या दोघांनी आपापल्या फोनला कॉल फॉरवर्ड लावला! दिवसभर त्यांना येणारे सगळे फोन नाशिकची मुलगी उचलत होती. त्यांना दोष देत नाही, "फोन वळवून ठेवलाय" म्हणजे आपण सगळे तेच समजतो. तर वळवणे नको असेल तर काय? आणि "जावक" चालेल का? ट्रंकला काही आहे का?

पिंपळपान:
निर्गामी संपर्क मार्गनिर्देशन. अर्थ चोख बसतो आणि कॉल फॉरवर्डशी गोंधळ व्हायचं कारणच नाही.

खटपट्या:
पिंपळपान, राग मानू नका पण ते वसुलीच्या टेबलावर कुणी वाचणार नाही, आणि वाचलं तरी "म्हणजे काय" विचारायला फोनच लावावा लागेल. सरळ "रूट करा" लिहा. मी वीस वर्षं हीच यंत्रं बसवतोय, जळगावपासून सावंतवाडीपर्यंत सगळे "रूट नाशिकला टाक" असंच म्हणतात.

पिंपळपान:
हे नेहमीचं आहे. दिनांक, महापौर हे सावरकरांचे शब्द, तेव्हाही लोकांना जड वाटलेच असणार, आज महापौराला कुणी मेयर म्हणतं का? शब्द आधी द्यावा लागतो, मग तो रुळतो. रुळलेला नाही म्हणून द्यायचाच नाही असं केलं तर रुळणार कधी?

खटपट्या:
आणि दूरध्वनी? तोही त्यांचाच म्हणतात. लेटरहेडवर आहे, पण घरात कुणी म्हणतं का "पोचलीस की दूरध्वनी कर"? जो शब्द तोंडात बसला तो बसला. शब्द वाईट नाही हो, पण इथे प्रश्न दोन पानी सूचनेचा आहे आणि चुकलं की सभासदाचा फोन भलतीकडे जातो.

शेतातला:
मला "वळवणे" बिनचूक वाटतं आणि ते सोडू नये असं मनापासून वाटतं. आम्ही पाणी वळवतोच की. आमच्याकडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चारी, आणि कुठल्या फडात किती वेळ पाणी हे पाटकरी ठरवायचा, शेतकऱ्याने स्वतः दारं मोडायचं नाही, म्हणजे पाण्याची वाट आपल्या मनाने बदलायची नाही. तुमचं हे यंत्र म्हणजे पाटकरीच आहे, ८ दाबला तर ह्या चारीला, ० दाबला तर त्या. पाणी आलेलं असो की चाललेलं, ते वळतं. फोनवाल्यांनी तो शब्द फक्त येणाऱ्या कॉलला चिकटवला, त्यात शब्दाची काय चूक?

अनुवादिनी:
पाटकरी फारच आवडला. पण एक शंका: वळवण्यात आधीची एक वाट गृहीत असते ना? रस्त्यावर "वाहतूक वळवली आहे" अशी पाटी असते म्हणजे नेहमीचा रस्ता बंद आहे. इथे पहिली वाट अशी काही नाहीच, ८ लावला की नाशिक हीच त्याची वाट.

शेतातला:
हा मुद्दा बरोबर आहे. मग "सोडणे". पाणी चारीला सोडतात. फोन नाशिकच्या लाइनला सोडणे.

रेघोट्या:
फोन सोडणे म्हणजे ठेवून देणे वाटेल की.

माझे आजोबा सेंट्रल रेल्वेत सांधेवाले होते, ते "सांधा दिला" म्हणायचे, म्हणजे गाडीला त्या रुळावर घेतलं. "नाशिकचा सांधा द्या" कसं वाटतं? मला तर त्याहून नेमकं काही दिसत नाही, कारण सांधा देणारा गाडी चालवत नाही, फक्त वाट जुळवतो.

खटपट्या:
मस्त शब्द आहे, पण आता सांधेदुखीशिवाय सांधा कुणाला माहीत आहे.

वडाची_पारंबी:
तुम्ही सगळे क्रियापद का शोधताय? मराठीत हे काम शब्दयोगी अव्यय करतं. एसटीच्या पाटीवर बघा: पुणे – नाशिक, संगमनेर मार्गे. कुणी "संगमनेरला मार्गनिर्देशित" लिहित नाही. क्रियापद आपलं साधं घ्या, फोन लावणे, आणि "नाशिक मार्गे लावा". लावणे आणि लागणे ही जोडी किती कामाची आहे बघा, मी फोन लावते, तो लागतो किंवा लागत नाही, आणि लागला नाही तर दोष कुणाचाच नसतो.

खटपट्या:
+१, यावर माझी काही तक्रार नाही. फक्त एक अडचण. संगमनेर मार्गे गेलेली गाडी पुण्याचीच राहते. इथे फोन नाशिकचा होऊन बाहेर पडतो, नंबर तिथला, बिल तिथल्या लाइनचं. मार्गे म्हटलं की आत फक्त रस्ता बदलला असं वाटतं. त्यापेक्षा "नाशिकहून". फोन नाशिकहून लागेल. माणूस कुठे बसलाय ते सोडा, सभासदाच्या दृष्टीने फोन नाशिकहूनच आलाय.

आणि ताई, तुमच्या कागदात एक गोष्ट आहे का बघा, नसेल तर घाला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो. ज्यांच्याकडे बाहेरची लाइन घ्यायलाच ० आहे त्यांना दोन शून्य लागतात, एक आपलं यंत्र खातं आणि दुसरं एक्सचेंजला पोचतं. तुमच्या ८ चंही तसंच, ८ पुण्याचं यंत्र खातं आणि उरलेले आकडे नाशिकला पाठवतं. आकडा "खाणे" हा शब्द आम्ही सगळे वापरतो, त्याला शुद्ध काही देऊ नका कृपया.

जुनाजाणता:
शब्द नंतर, आधी एक काळजीचं. आतलं खाजगी जाळं आणि बाहेरची लाइन अशी जोडून एसटीडी चुकवायला आपल्याकडे कितीतरी वर्षं मनाई होती, टोल बायपास म्हणतात त्याला. लाइन देणाऱ्या कंपनीकडून लेखी घेतलंय ना संस्थेने? मी त्याला "जकात चुकवणे" म्हणायचो, आणि तो शब्द साहेबांना लगेच कळायचा, नियम वाचून दाखवावा लागायचा नाही.

अनुवादिनी:
हो काका, लिंक आणि लाइन दोन्ही परवानाधारक कंपनीनेच दिलंय, कागद आहेत. मी विचारून घेतलं होतं.

शेतातला:
जकात मस्त बसलाय. हे असे शब्द द्या ना, जे आधीच आपल्या घरात आहेत.

कांदेनवमी:
"जावक" ला माझा विरोध नोंदवा. मी लासलगावचा. आवक कांद्याची होते, दोनशे ट्रॅक्टर आले तर आवक चांगली. फोनची आवक होत नाही, फोन येतो. आणि जावक ही पत्रांची, रजिस्टरात क्रमांक टाकून. लोक इनकमिंग-आउटगोइंग म्हणतात तेच ठेवा. आता तर पक्षांतरालासुद्धा पेपरवाले इनकमिंग म्हणतात, म्हणजे शब्द मराठी झालाच.

बारनिशीतली:
मी सरकारी ऑफिसात आवक-जावक सांभाळते, आमच्या शाखेचं नावच बारनिशी. हा शब्द ऐकून नवीन मुलं चमकतात, त्यांना बारशाशी काहीतरी नातं वाटतं. चिटणीस, फडणीस मधला जो नीस तोच इथे, फारसी नवीस म्हणजे लिहिणारा. तेव्हा जावक म्हणजे नुसतं गेलेलं नाही, लिहून ठेवून गेलेलं. आणि तुमचं यंत्र प्रत्येक कॉलची नोंद ठेवतंच ना, कोणत्या एक्स्टेन्शनवरून, किती वाजता, किती मिनिटं? मग ती जावकच झाली. मला पटतो शब्द.

कांदेनवमी:
आवक गुजरातीतून आलाय पण, आपल्यात "येवक" झाला असता.

पिंपळपान:
नुसत्या "आव" वरून गुजराती ठरवू नका, आवाजावी जुन्या मराठीतही सापडेल.

कांदेनवमी:
सापडेल की सापडलंय?

जुनाजाणता:
ट्रंकबद्दल कुणीच बोललं नाही. खोड, बुंधा असं काही करू नका एवढीच विनंती. मूळ अर्थ तोच आहे, फांद्या फुटायच्या आधीचा जाड भाग, पण आपल्याला ट्रंक म्हणजे ट्रंक कॉल. एसटीडी लखनौ-कानपूरला १९६० साली सुरू झालं, आमच्या तालुक्याला ते यायला आणखी किती वर्षं गेली. तोवर बुकिंग करून बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये यायची, "वाढवायचे का?" वडील वारले तेव्हा मुंबईला भावाला सांगायला मी अर्जंट बुक करून पोस्टात साडेचार तास बसलो होतो. लागला तेव्हा आवाज इतका खोल की तो "काय? काय?" विचारत राहिला आणि मला ते वाक्य तीनदा मोठ्याने ओरडून सांगावं लागलं, पोस्टातल्या सगळ्या लोकांसमोर. ट्रंक हा शब्द मला त्यातून वेगळा काढता येत नाही.

अनुवादिनी:
काका...

वडाची_पारंबी:
काका, हे वाचून थांबले थोडी.

आमच्याकडे फोन नव्हताच. शेजारच्या काकूंचा नंबर आमच्या सगळ्या पत्रिकांवर, पुढे पी. पी. माझी आई सांगायची पी. पी. म्हणजे पडोसी.

जुनाजाणता:
नाही, ते ट्रंक कॉलमधलंच. पर्टिक्युलर पर्सन. ठरावीक माणूस लाइनवर आला तरच कॉल मोजायचा. तेच पुढे शेजारच्या नंबराला चिकटलं, कारण तिथेही ठरावीक माणसाला बोलावून आणायचं असायचं.

रेघोट्या:
आम्ही परमनंट पत्ता समजायचो! बहीण अजून प्रायव्हेट फोन म्हणते.

खटपट्या:
मूळ धाग्यावर या जरा. ट्रंक, तो की ती? लोखंडी ट्रंक ती, ट्रंक कॉल तो. आमची पोरं "ट्रंक डाऊन झाली" म्हणतात, मला वाटतं लाइन मनात असते म्हणून ती. आणि ताई, अजून एक शब्द मला खरंच हवाय. कधी कधी पुण्याला सेटिंग असतं की हा नंबर नाशिकला पाठव, आणि नाशिकला चुकून सेटिंग असतं की तोच नंबर पुण्याला पाठव. मग एकच कॉल दोन्हीकडे भिरभिरत राहतो, प्रत्येक फेरीला एक चॅनल अडकतो, पीआरआयचे, म्हणजे तीस चॅनलच्या डिजिटल लाइनचे, तीसच्या तीस भरले की अख्ख्या ऑफिसला एंगेज. इंग्रजीत लूप. मराठीत?

शेतातला:
चकवा.

बारनिशीतली:
चकवा!! रात्री शिवारात माणूस चालतोय चालतोय आणि परत त्याच झाडापाशी.

खटपट्या:
लागला चकवा. ठरलं, उद्यापासून हेच सांगणार पोरांना. फोनला चकवा लागलाय.

पिंपळपान:
चकवा फारच सुंदर, यापुढे माझा संस्कृत शब्द मागे घेतो, पण फक्त याच जागी.

अनुवादिनी:
सूचना आज गेली. मी लिहिलं होतं, "८ दाबून लावलेला फोन नाशिकहून लागेल. दोन नाही, एकच शून्य." व्यवस्थापकांनी पहिलं वाक्य खोडून "आउटबाउंड रूट : नाशिक मार्गे" केलं. चकवा त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

पिंपळपान:
"नाशिकमार्गे" जोडून लिहायला हवं होतं. शब्दयोगी अव्यय आहे.

वडाची_पारंबी:
एसटीवर कायम तोडून असतं.

पिंपळपान:
एसटीवर बरंच काही असतं.

खटपट्या:
एकच शून्य कसं? मोबाइलला लावायचं तर ८ नंतर ०, आणि नाशिकचं यंत्र बाहेरच्या लाइनला अजून एक ० मागत असेल तर? नाशिकला कोण बघतं, विचारा आधी, छापून गेलं तरी विचारा.

वडाची_पारंबी:
आईच्या ट्रंकेत माझ्या मावशीच्या लग्नाची पत्रिका सापडली. नंबर पाच आकडी, पुढे कंसात पी. पी., दोन्ही टिंबं देऊन. आई म्हणते बघ, पडोसी.