गाडीतला फ्रीज अर्ध्या तासात ‘एफ१’ दाखवून बंद पडतो, गॅस भरू का?

शेडवाली_अकोले:
माझ्याकडे ३० लिटरचा, कॉम्प्रेसरचा, १२ व्होल्टवर चालणारा फ्रीज आहे. पिकअपच्या लायटर सॉकेटला लावून लासोटा (राणीखेत रोगाची लस), गंबोरो (त्याच नावाच्या रोगाची) आणि किल्ड (मेलेल्या विषाणूंची) लस घेऊन राजूर-भंडारदऱ्याकडच्या कोंबड्यांच्या शेडांवर जाते. घरी अ‍ॅडॉप्टरवर रात्रभर छान चालतो. गाडीत मात्र अर्ध्या तासात पिकपिक आवाज, पडद्यावर ‘एफ१’ आणि कॉम्प्रेसर बंद. शिवाय तळाच्या बाटल्यांवर कधी कधी बर्फही धरतो. मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय. लस २ ते ८ अंशांत राहिलीच पाहिजे, शेडवाल्यांचे पक्षी त्यावर आहेत. काय करू?

निळा_पिकअप:
ताई, बॅटरी जुनी असेल. बदलून टाका.

वायरिंगवाला_काका:
थांबा ताई, बॅटरी नको आणि गॅस तर मुळीच नको. घरी रात्रभर गार करतोय, बर्फ धरतोय, म्हणजे गॅस जागेवर आहे. या फ्रीजात गॅस अगदी थोडा असतो, काहींत तर आर-६००ए, म्हणजे पेट घेणारा. विनाकारण नळी फोडू देऊ नका.

‘एफ१’ किंवा ‘ई१’ म्हणजे बहुतेक फ्रीजांत व्होल्टेज कमी. पुस्तिकेत एकदा पडताळा. आता मीटर घ्या, इंजिन चालू ठेवा आणि कॉम्प्रेसर चालू असताना आधी बॅटरीवर, मग फ्रीजच्या प्लगपाशी मोजा. कॉम्प्रेसर बंद असताना मोजलं तर सगळं ठीकच दिसतं, कारण करंटच वाहत नाही. तिथेच भलेभले फसतात.

शेडवाली_अकोले:
मोजलं काका. बॅटरीवर १३.९, प्लगपाशी ११.० आणि लगेच ‘एफ१’. प्लग हाताला चांगलाच गरम लागतोय.

वायरिंगवाला_काका:
मग चोर सापडला. फ्रीज साधारण ५ अँपिअर घेतो. दीड चौ. मिमी तांब्याची वायर ५ मीटर गेली आणि ५ मीटर आली, तरी पाऊण व्होल्टच्या आतच जायला हवं. तुमचे जवळजवळ ३ जाताहेत. उरलेले सॉकेटच्या ढिल्या स्प्रिंगमध्ये आणि जॉइंटमध्ये जळताहेत, म्हणून प्लग तापतो. ती उष्णता दुर्लक्षू नका, प्लास्टिक वितळतं.

सेटिंगमध्ये एच, एम, एल अशी बॅटरी राखण्याची पातळी असेल. एचवर फ्रीज साधारण ११ व्होल्टलाच बंद होतो. आज एमवर ठेवा, पण तो तात्पुरता उपाय. एलवर फ्रीज बॅटरी फार उतरेपर्यंत चालत राहतो, म्हणून एलवर ठेवून इंजिन बंद करून जेवायला गेलात, तर गाडी स्टार्ट होणार नाही.

कायमचं काम असं: बॅटरीवरून थेट ४ चौ. मिमीची वेगळी वायर, बॅटरीच्या टोकाजवळच १५ अँपिअरचा फ्यूज आणि लायटर प्लगऐवजी घट्ट बसणारा कनेक्टर. फ्यूज फ्रीजपाशी लावू नका. मधली वायर घासून बॉडीला टेकली तर तो वाचवणार नाही. इलेक्ट्रिशियन घाई करेल, पण तुम्ही उभं राहून हे करून घ्या. फ्रीजच्या जाळीवर ताडपत्री किंवा पोती येऊ देऊ नका.

लसवाहक:
बर्फाचं मी सांगतो. पडद्यावरचा आकडा सेन्सरच्या जागेचा असतो, तळाचा नव्हे. गार नळ्या भिंतीत असतात, त्यामुळे भिंतीला आणि तळाला टेकलेली बाटली आधी गोठते. जाळीदार टोपली ठेवून बाटल्या उचला, ५ अंशांवर लावा, आणि कमाल-किमान दाखवणारा वेगळा थर्मामीटर बाटल्यांच्या मध्ये ठेवा.

ताई, किल्ड लस तेलातली असते. एकदा गोठली की इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, फुटतं, नंतर हलवून ती पूर्ववत होत नाही. बर्फ धरलेल्यांत किल्ड असेल तर ती टोचू नका.

शेडवाली_अकोले:
दोन किल्डच्या बाटल्या तळालाच होत्या, त्या बाजूला काढल्या. उद्या राजूरची फेरी थर्मासमध्ये जेल पॅक घालून करते, पॅक आणि बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठा ठेवून. परवा वायरिंगला गाडी लावते. काका, वायर सीटखालून घेतली तर चालेल ना?

वायरिंगवाला_काका:
चालेल. पत्र्यातून जाईल तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून भोकात बसवायची रिंग, मात्र लावायला सांगा.