मदत हवी आहे: 'सेलेस्ट'मध्ये तिरका डॅश ऐनवेळी दगा देतो, गोल्डन स्ट्रॉबेरी कशा पूर्ण करू?

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर 'सेलेस्ट' खेळते आहे. गेम २०१८चा, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांचा खेळून झाला असेल. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते आहे. बटणं तीनच, जंप, डॅश आणि भिंत धरायला ग्रॅब. डॅश आठ दिशांना मारता येतो, पण हवेत एकदाच. जमिनीला पाय लागले किंवा हिरवा क्रिस्टल घेतला की तो परत मिळतो. तिचे केस लाल असतील तर डॅश शिल्लक आहे, निळे झाले की संपला. एवढ्यावर सगळा गेम उभा आहे आणि मला तो मनापासून आवडतो. इतक्या कमी साहित्यात इतकं काही करणारा दुसरा प्लॅटफॉर्मर मी खेळलेला नाही.

आता अडचण. १७५ लाल स्ट्रॉबेरी (वाटेत गोळा करायच्या) झाल्या, ए, बी आणि सी साइड (प्रत्येक चॅप्टरची मूळ आणि दोन अधिक अवघड रूपं) मिळून २४ क्रिस्टल हार्ट ही लपवलेली बक्षिसं झाली, पहिला चॅप्टर एकही डॅश न मारता करून पंखवाली गोल्डनही मिळाली, 'फेअरवेल' या शेवटच्या जादा चॅप्टरमधली मून बेरी मिळाली. एकूण २०२ स्ट्रॉबेरी पूर्ण करायच्या आहेत, म्हणजे उरल्या त्या २५ गोल्डन. त्यातली १एची (पहिल्या चॅप्टरच्या ए-साइडची) झाली आहे. गोल्डन म्हणजे चॅप्टरच्या सुरुवातीला ती बेरी उचलायची आणि शेवटापर्यंत एकदाही न मरता न्यायची. मेलात की थेट पहिल्या खोलीत. एरवी मेल्यावर त्याच खोलीत परत उभं राहता येतं, म्हणून माझी कंट्रोलची चूक आजवर खपून जात होती. आता खपत नाही.

दोन वेगवेगळे प्रकार होतात, ते नीट लिहिते.

एक: Z दाबून भिंतीला धरलेलं असतं, वर आणि उजवी ॲरो दाबलेल्या असतात, त्यात X दाबलं तर कधी कधी डॅश होतच नाही. केस लालच राहतात आणि ती तिथेच लटकलेली. मग मी घाबरून काहीतरी दाबते आणि खाली काटे.

दोन: हवेत असताना वर-उजवा डॅश मारायचा असतो आणि तो सरळ आडवा जातो. इथे डॅश होतो, दिशा चुकते. खोली अवघड असली की हे जास्त होतं, सोप्या खोलीत जवळजवळ नाहीच.

कळा मूळच्याच आहेत: C जंप, X डॅश, Z ग्रॅब. शिवाय तासभर खेळलं की डाव्या हाताची करंगळी आणि मनगट दुखायला लागतं, कारण Z सतत दाबलेलं असतं.

माझे प्रश्न असे: कंट्रोलर घेतल्याशिवाय हे सुटणार नाही का? गोल्डन कोणत्या क्रमाने घ्याव्यात? आणि सराव नेमका कसा करायचा? कारण आत्ता मी फक्त पहिल्या खोलीपासून परत परत सुरू करते आहे.

प्रतिसाद १

कंट्रोलर घ्या. डी-पॅडवर (दिशांच्या बटणांवर) खेळा, स्टिकवर नको. स्टिकवर अंगठा जरा घसरला की तिरक्याचा आडवा होतो. आणि वायरने जोडा.

प्रतिसाद २

कंट्रोलरवर खर्च करण्याआधी एक गोष्ट तपासा. कुठलाही टेक्स्ट एडिटर उघडा. वरची आणि उजवी ॲरो दाबून ठेवा, Z दाबून ठेवा, आणि आता X दाबा. पडद्यावर x उमटतो का ते बघा. हेच डावी ॲरो घेऊनही करा.

साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र तार नसते, कळा आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीवर बसवलेल्या असतात. ठरावीक तीन कळा एकत्र दाबल्या की चौथी ओळखूच येत नाही, ती सरळ गाळली जाते. दोन ॲरो आणि शेजारशेजारची दोन अक्षरं हा त्यात हमखास अडकणारा प्रकार. तुमचा पहिला प्रकार (केस लालच, डॅशच नाही) ऐकून मला हीच शंका येते. गेमपर्यंत X पोचतच नसावा.

असं असेल तर ग्रॅबसाठी डावं शिफ्ट वापरा. गेममध्ये ते मुळातच ग्रॅबला दिलेलं आहे, सेटिंग बदलायचीही गरज नाही. शिफ्ट, कंट्रोल या कळा बहुतेक कीबोर्डात वेगळ्या जोडलेल्या असतात, त्या अशा अडकत नाहीत.

प्रतिसाद ३

वरचं बरोबर आहे, पण त्याने दुसरा प्रकार सुटणार नाही, कारण तिथे डॅश होतो आहे. त्याचं कारण गेमच्या आत आहे आणि ते कळलं की फार फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही X दाबता त्या क्षणी डॅश सुरू होत नाही. गेम आधी ०.०५ सेकंद, म्हणजे ६० फ्रेमच्या हिशोबात तीन फ्रेम, सगळं जागच्या जागी थांबवतो. डॅशला जो ठसका जाणवतो तो या थांबण्यामुळेच. आणि दिशा वाचली जाते ती हे थांबणं संपल्यावर, X दाबताना नाही. गेम बनवणाऱ्यांनी मॅडलिनच्या हालचालींचा कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे, त्यात हे स्वच्छ दिसतं.

म्हणजे काय होतं बघा, ताई. तुम्ही वर आणि उजवी दाबून X मारता. खोली अवघड असते, पुढे लगेच दुसरी उडी असते, त्यामुळे बोट वरच्या ॲरोवरून घाईने उठतं. ते त्या तीन फ्रेमच्या आत उठलं तर दिशा वाचताना गेमला फक्त उजवी दिसते आणि डॅश आडवा जातो. तुम्हाला मात्र खात्री असते की वर दाबलं होतं. दाबलं होतंच, पण धरून ठेवलं नव्हतं. सोप्या खोलीत हे होत नाही असं तुम्ही लिहिलंय ना, ते याच्याशी अगदी जुळतं, तिथे घाई नसते.

उपाय: केस निळे दिसेपर्यंत दोन्ही ॲरो सोडायच्या नाहीत. पहिल्या चॅप्टरच्या पहिल्याच खोलीत जमिनीवर उभं राहून फक्त हे करत बसा, वर-उजवा, वर-डावा, आलटून पालटून. बोटांना नवी सवय लागायला वेळ लागतो, पण लागते.

याची दुसरी बाजूही कामाची आहे. X आधी दाबून वरची ॲरो किंचित उशिरा दाबली तरी चालते, तीन फ्रेम मिळतात. दिशेला उशीर झालेला गेम चालवून घेतो, लवकर सोडलेली चालवून घेत नाही.

तसं पाहिलं तर हा गेम खेळणाऱ्याला खूप सांभाळून घेतो. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद जंप दाबता येतो. जमिनीला टेकायच्या ०.०८ सेकंद आधी दाबलेला जंपही धरला जातो. उडी मारताना डोकं कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत घासलं तर गेम स्वतःच बाजूला सरकवून वाट देतो. काटेसुद्धा तुम्ही त्यांच्या दिशेने जात असाल तरच मारतात. वर टोक असलेल्या काट्यांतून तुम्ही वर जात असाल तर काही होत नाही. गोल्डनच्या वेळी हे माहीत असलं की मन शांत राहतं, प्रत्येक उडी अगदी कडेपर्यंत ताणावी लागत नाही.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. एडिटरमध्ये करून पाहिलं. उजव्या ॲरोबरोबर x उमटतच नाही! डाव्या ॲरोबरोबर उमटतो. आता आठवतं की भिंतीवरचे घोळ सगळे उजवीकडच्या डॅशचेच होते. ग्रॅब शिफ्टवर घेतलं, आता X प्रत्येक वेळी लागतो आहे.

दिशा धरून ठेवण्याचा सरावही सुरू केला आहे. ते तीन फ्रेमचं वाचल्यावर नुसतं बघूनही लक्षात येतं, डॅशच्या आधी सगळं पुसटसं थबकतं. इतके महिने खेळताना ते माझ्या नजरेत आलं नव्हतं.

हात दुखण्याचं आणि क्रमाचं कोणी सांगेल का?

प्रतिसाद ४

हातासाठी: ऑप्शन्समध्ये ग्रॅब मोड आहे. २०२१च्या १.४ अपडेटमध्ये तो आला. 'टॉगल'वर ठेवलंत तर एकदा दाबलं की धरते, परत दाबलं की सोडते. 'इन्व्हर्ट'मध्ये ती आपोआप धरते आणि सोडायचं असेल तेव्हा दाबायचं. मला टॉगल मानवला. पहिले दोन दिवस सगळं उलटसुलट वाटतं, तेवढे निभवा.

दुसरं म्हणजे ग्रॅबची गरजच कमी करा. भिंतीवर चढत गेलं तर दम अडीच सेकंदांच्या आत संपतो, नुसतं धरून राहिलं तर ११ सेकंद पुरतो. पण भिंतीजवळ असताना कुठलीही ॲरो न दाबता जंप मारला, तर ती थोडी बाहेर जाते आणि लगेच भिंतीकडे वळवून परत जंप मारता येतो. यात दम अजिबात खर्च होत नाही आणि ग्रॅबला हातही लावावा लागत नाही. याला न्यूट्रल जंप म्हणतात. जमला की करंगळीचं निम्मं काम वाचतं.

आणि मनगट दुखत असेल तर त्या दिवशी थांबा. दुखणं अंगावर काढून खेळू नका. गोल्डन कुठेही जात नाहीत.

प्रतिसाद ५

क्रमाबद्दल माझं मत. सी-साइड आधी घ्या. नाव ऐकून भीती वाटते, पण प्रत्येक सी-साइडमध्ये खोल्या तीनच. मेलात तरी नुकसान मिनिट-दोन मिनिटांचं. १सीपासून सुरू करा. ७सीची तिसरी खोली मात्र फार लांब आहे, ती नंतरसाठी ठेवा. मग २ए आणि ४ए. गोल्डनच्या फेरीत लाल स्ट्रॉबेरी घ्यायच्या नसतात, आडवाटेच्या खोल्या सगळ्या सोडायच्या, त्यामुळे हे चॅप्टर वाटतात त्याहून बरेच छोटे होतात. ५ए मला जड गेला, कारण सीकर (पाठलाग करणारे शत्रू) मागे लागले की दोन फेऱ्या सारख्या होत नाहीत. ७ए ० मीटरपासून ३००० मीटरपर्यंतच्या सात टप्प्यांचा, त्याला निवांत रविवार काढा. बी-साइड त्यानंतर, आणि 'फेअरवेल' सगळ्यात शेवटी. त्यात शंभरावर खोल्या आहेत.

सराव तुम्ही करताय तसा नको. गोल्डन न उचलता, चॅप्टर निवडायच्या पानावरून शेवटच्या चेकपॉइंटपासून सुरू करा. तो टप्पा न मरता दोन-तीनदा झाला की त्याच्या आधीच्या चेकपॉइंटपासून शेवटपर्यंत. असं मागे मागे येत सुरुवातीपर्यंत पोचा आणि मगच बेरी उचला. पहिल्यापासून सुरू करत राहिलं की पहिल्या खोल्या पाठ होतात आणि शेवटच्या खोल्या हातालाच लागत नाहीत. मग कधीतरी तिथे बेरी घेऊन पोचता तेव्हा हात थरथरतात, आणि नेमकी तीच खोली सगळ्यात कमी खेळलेली असते. सी-साइडला चेकपॉइंट नाहीत, तिथे बेरी न घेता आत जायचं आणि तिसऱ्या खोलीतच मरत-उठत राहायचं.

एखादी उडी काही केल्या कळत नसेल तर ॲसिस्ट मोडमध्ये (गेम सोपा करायची सोय) वेग कमी करून पाहा, तो ५० टक्क्यांपर्यंत उतरतो. बटणांचा क्रम डोळ्यांना दिसतो. मी गोल्डन पूर्ण वेगातच घेतल्या, पण शिकण्यासाठी वेग कमी करण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही. तो मोड गेममध्ये त्यासाठीच ठेवलेला आहे.

धागालेखिका

१सी आणि २सी दोन्ही झाल्या! शेवटापासून मागे येण्याची पद्धत फार उपयोगी पडली, २सीच्या तिसऱ्या खोलीत पोचले तेव्हा ती ओळखीची होती. टॉगलही आता सवयीचा झाला आहे, करंगळी शांत आहे.

एक शेवटचं विचारते. 'फेअरवेल'मध्ये एका कॉम्प्युटरवर स्लाइड दाखवून वेव्हडॅश शिकवतात. खाली-उजवा डॅश, जमिनीला टेकताच जंप, हे मला जमतं, वेगही मिळतो. पण पुष्कळदा उडी घेतल्यावर केस निळेच असतात. मग पुढचा डॅशच नाही. जमिनीला टेकल्यावर तो परत मिळायला हवा ना?

प्रतिसाद ३

मिळायला हवा, पण डॅश सुरू झाल्यापासून ०.१ सेकंद गेम तो परत देत नाही. तुम्ही जमिनीच्या फार जवळून डॅश मारता आहात. लगेच टेकता, लगेच जंप, आणि तोवर ते ०.१ सेकंद संपलेलं नसतं. दोन मार्ग आहेत. डॅश थोडा अधिक उंचावरून मारा, म्हणजे जमिनीपर्यंत पोचेतो वेळ निघून जातो. किंवा तेवढी उंची मिळत नसेल तर टेकल्यावर जमिनीवरून किंचित घसरू द्या आणि मग जंप दाबा. मात्र डॅश एकूण ०.१५ सेकंदाचाच असतो, त्यामुळे फार थांबलात तर वेग जाईल. केस लाल झालेले दिसले की लगेच दाबायचं. आणि इथेही खाली आणि उजवी दोन्ही धरून ठेवायच्या, खालची आधी सुटली तर डॅश आडवा जाईल आणि जमिनीला टेकणारच नाही.