दरवाजे लागले तरी लोणा राहतोच

एकानं लिहिलं की २०२० पासून इटलीतल्या व्हेनिस शहरात मोसे नावाचे समुद्रातले दरवाजे भरती अडवतात, मग आता तिथल्या जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थांना देणग्या काऊन पाहिजेत. मला हे पटलं नाही. पाणी बाहेर अडलं, पण विटांत आधीच चढलेलं मीठ, ज्याला आपण लोणा म्हणतो, त्याचं काय? १९६६ च्या पुरानंतर लोकं मदतीला धावले, त्यातूनच देणग्यांवर चालणारी सेव्ह व्हेनिस ही संस्था उभी राहिली. तिनं सांता मारिया देई मिराकोली चर्च हाती घेतलं तेव्हा संगमरवरात १४ टक्के मीठ निघालं, भिंतींवरच्या फरश्या काढून शुद्ध पाण्याच्या टाक्यांत भिजवून ते उतरवावं लागलं, पूर्ण काम १९८७ ते १९९७ चाललं.

आमच्या गावात आबाजीच्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागला होता, आम्ही घाईघाईनं वरून सिमेंटचा गिलावा मारला आणि दोन पावसाळ्यांत ओल हातभर वर चढली, गिलाव्याचे पोपडे निघाले, मागची वीट बोटानं उकरली तर पिठासारखी गळत होती. म्हाताऱ्या मिस्त्रीनं सगळं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला, भिंतीला श्वास घेऊ द्या म्हणे. तेवढ्या एका भिंतीला अख्खा उन्हाळा गेला, तिथं तर सारं शहरच खाऱ्या पाण्यात उभं आहे.