डावखुऱ्याने डाव्या बोल्टचीच रायफल घ्यावी, उजवीवर भागवू नये

सातारी_डावरा (सॅन अँटोनियो):

ग्रीन कार्ड आलं, टेक्सासचा हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, की पुढचा प्रश्न असतो रायफल कुठली घ्यायची. त्यात माणूस डावखुरा निघाला की जो तो सांगतो, "अहो, नेहमीचीच घ्या, होते सवय." माझं मत साफ उलट आहे. डाव्या खांद्यावरून नेम धरत असाल तर बोल्टही डावीकडचाच हवा.

ज्यांनी बोल्ट-ॲक्शन हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक बारानंतर बोल्टची, म्हणजे नळीमागच्या खिट्टीची, दांडी उचलायची आणि मागे ओढायची, की रिकामी पुंगळी बाहेर पडते. मग पुढे ढकलून खाली दाबायची, की नवं काडतूस आत बसतं. ही दांडी बहुतेक रायफलींना उजवीकडे असते, कारण उजव्या माणसाचा चापावरचा हात तिथून वीतभर अंतरावर असतो. डावऱ्यापुढे दोनच वाटा. एक तर डावा हात चापावरून काढून रायफलीवरच्या दुर्बिणीवरून पलीकडे न्यायचा. नाहीतर नळीखाली आधाराला धरलेला उजवा हात सोडून दांडी ओढायची. पहिल्या प्रकारात गाल लाकडावरून उठतो, दुसऱ्यात नळी खाली झुकते. दुर्बिणीत परत डोळा घालेपर्यंत चितळ सीडरच्या झाडोऱ्यात गडप.

हो, चितळच! १९३२ च्या सुमारास इथे आणलेलं आपलं चितळ आता मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, हिल कंट्रीत, मोकाट पसरलंय. बाहेरचं जनावर म्हणून सरकारने त्याला ना हंगाम ठेवलाय ना संख्येची मर्यादा. लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी मात्र लागतेच.

आणखी एक गोष्ट. डाव्या खांद्यावरून मारताना तुमचा चेहरा रायफलीच्या उजव्या अंगाला असतो आणि पुंगळी बाहेर पडायची खिडकीही तिकडेच. काडतुसाचं बूड फुटलं तर गरम वायू त्याच बाजूने बाहेर येतो. क्वचित होतं, पण होतं. डाव्या रायफलीत ती खिडकी पलीकडे असते.

"डाव्या मिळत नाहीत" हे रडगाणं आता जुनं झालं. सॅव्हेजने ११० हे मॉडेल १९५९ पासून डाव्या बोल्टमध्ये दिलंय. आज टिक्का टी-३एक्स, ब्राउनिंग एक्स-बोल्ट, रूगर अमेरिकन, बर्गारा सगळ्यांच्या डाव्या आवृत्त्या आहेत. बोला.

मिनेसोटाकर:

बोलतो. मीही डावखुराच. माझी रेमिंग्टन ७०० उजव्या बोल्टची, सेकंडहँड घेतलेली, आणि माझं काही अडलेलं नाही. आमच्याकडे शिकार नोव्हेंबरात, झाडावरच्या स्टँडमध्ये बसून. रायफल कठड्यावर, वाळूच्या पिशवीवर ठेवलेली. डावा हात चापावरून हलतच नाही, मोकळा असलेला उजवा हात दांडी ओढतो. गाल जागेवर, डोळा दुर्बिणीत. उलट उजव्या माणसाला चापावरचा हात काढावा लागतो, मला नाही. बेंचवर रायफल टेकवून नेमबाजी करणाऱ्यांत मुद्दाम अशी उलटी रचना घेणारेही आहेत.

आता पैशाचं बोलू. दुकानात उजव्या रायफलींची भिंत भरलेली असते, डाव्या कोपऱ्यात दोन उभ्या असतात. .३०८, ६.५ क्रीडमूर, .२७०, थर्टी-ऑट-सिक्स एवढ्या काडतुसांपुरतं ठीक, पण त्यापलीकडचं काही हवं असेल तर ऑर्डर द्या आणि वाट बघत बसा. उद्या विकायला काढलीत तर गिऱ्हाईक कोण? दहातला एखादा डावखुरा, त्यातही शिकार करणारा. आणि कॅम्पवर मित्राची रायफल हातात घ्यायची वेळ आली, तर तुमचा डावा हात पलीकडे दांडी शोधत बसेल.

सातारी_डावरा:

साहेब, तुमची सगळी मात्रा त्या वाळूच्या पिशवीवर चालते. पिशवी काढा आणि मग सांगा. दक्षिण टेक्सासात नीलगायीमागे लोक पायी फिरतात. (तीही किंग रँचने आणून सोडलेली. आपली निम्मी जनावरं इथे येऊन स्थायिक झालीत.) ओंडका मिळाला तर ओंडका, नाहीतर दोन काठ्यांच्या कैचीवर रायफल टेकवायची. उजवा हात कैचीवरून सुटला की सगळं डुलायला लागतं. नीलगाय हे चिवट जनावर, पहिल्या गोळीत बसेलच याचा भरवसा नाही. जखमी जनावर काट्याकुट्यात शोधत फिरण्यापेक्षा दुसरी गोळी लगेच गेलेली बरी.

आणि तुमच्या ७०० चं सेफ्टीचं, म्हणजे चाप अडवून ठेवायचं, बटण कुठे आहे? बोल्टच्या मागे, उजव्या अंगाला. डावा अंगठा तिथे कसा पोचतो तेही सांगा.

मिनेसोटाकर:

अंगठा वळवून पोचतो. सवय झाली.

(आणि उजवीच घ्यायची पण सेफ्टी मध्ये हवी, तर सॅव्हेज ११०, रूगर अमेरिकन, एक्स-बोल्ट या तिघींची सेफ्टी दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली असते. दोन्ही हातांना सारखीच. तेवढा मुद्दा तुमच्याच यादीतून बाद.)

माजी_कॅडेट:

तुम्ही दोघं हातावर भांडताय. आधी डोळा बघा! दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये रुपयाएवढी फट ठेवा, त्यातून लांबचा दिवा बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला दिवा फटीत दिसत राहतो तो तुमचा प्रबळ डोळा. हात डावा आणि डोळा उजवा अशी माणसं भरपूर असतात. एनसीसीच्या रेंजवर पॉइंट टू-टू, म्हणजे छोट्या काडतुसाची सरावाची रायफल, सगळ्यांनाच उजव्या खांद्याला लावायला सांगत. मी डावखुरा. पहिले दोन दिवस कुरकुरलो, नंतर माझे बार मोजायला उस्ताद स्वतः टार्गेटपर्यंत चालत यायचे, कारण माझा डोळा उजवाच होता. चाप ओढणं म्हणजे मोत्यासारखं अक्षर काढणं नव्हे. कुठलंही बोट शिकतं.

मोठ्या माणसाने नवी सुरुवात करताना डावी रायफल शोधत फिरण्याआधी महिनाभर उजव्या खांद्यावर सराव करून बघावा. जमलं तर आयुष्यभराची कटकट मिटली.

वऱ्हाडची_लेक (डॅलस):

महिनाभर सराव करून जमलं नाही तर? शाळेत डाव्या हातावर पट्टी खाऊन मी उजव्याने लिहायला लागले, अक्षर आजही कोंबडीच्या पायासारखं आहे. माझी मुलगी डावखुरी, डोळाही डावा. तिच्यासाठी आम्ही डाव्या बोल्टचीच पॉइंट टू-टू आणली, सॅव्हेजची मार्क टू. रेंजवर नळी कायम टार्गेटकडे ठेवणं आणि बोट चापाबाहेर ठेवणं, पोरांना हेच शिकवायचं असतं. त्यात "आता हात पलीकडे ने, आता परत आण" ही जिम्नॅस्टिक कशाला? उजव्या बोल्टवर हात फिरवताना तिची नळी शेजारच्या लेनकडे वळायची, ते मी बघितलंय. माझ्यासाठी वाद तिथेच संपला.

माजी_कॅडेट:

ताई, डोळाही डावा असेल तर माझा आक्षेप नाही. पण मूल वाढतं, धाकटा भाऊ उजवा निघाला तर तीच रायफल त्याला देता येईल का, हाही हिशोब असतो.

वऱ्हाडची_लेक (डॅलस):

धाकट्याला मोठीचे कपडेही होत नाहीत. त्याला त्याची.

मुळामुठा:

हरणं मारायच्या गप्पा मराठीत वाचून अंगावर काटा आला. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली ती उगाच नाही.

सातारी_डावरा:

आपल्याकडे बंद आहे ते योग्यच आहे. तिथे चितळ मूळचं आहे, वाघ-बिबट्याचं अन्न आहे. इथे ते पाहुणं आहे, इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा चारा खातं आणि त्याला आवरायला वाघ नाही. यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे डावं-उजवंच चालू द्या.

सावंतवाडीचो_बाबलो:

आमच्याकडे शेती संरक्षणाचा परवाना, बंदूक बाराबोरी. मोडायची, भरायची, मिटायची. डावरो असो की उजवो, तिला फरक पडत नाही. वानर-डुकरांना पळवायला एक आवाज पुरतो, गोळी घालायची तर वनखात्याची परवानगी. तुम्ही एवढे दांडीवरून भांडताय तर दांडी नसलेली का घेत नाही?

कोल्हापूरकर_ह्यूस्टन:

बाबलोने नेमकं बोट ठेवलं. बोल्टच हवा हा हट्ट कशाला? लिव्हर-ॲक्शन घ्या, म्हणजे चापाखालची कडी खाली-वर करून भरायची. मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४ ची लिव्हर खाली मध्यभागी असते, डाव्या-उजव्याचा प्रश्नच नाही. टोकदार गोळीची लांब पल्ल्याची काडतुसं हवीत तर ब्राउनिंगची बीएलआर आहे, .३०८ सुद्धा मिळते. आणि एकच गोळी शांतपणे मारणारे असाल तर एका वेळी एकच काडतूस घेणारी रूगर नंबर वन. सेफ्टी मानेवर, पुंगळी मागून बाहेर.

मिनेसोटाकर:

नंबर वनची किंमत बघितलीत का? त्या पैशांत माझ्या दोन रेमिंग्टन येतील. आणि जुन्या ९४ ची पुंगळी सरळ वर उडते, दुर्बीण बसवायला जागा नाही.

कोल्हापूरकर_ह्यूस्टन:

मार्लिनची बाजूने उडते, वर सपाट आहे, दुर्बीण झकास बसते. दीडशे यार्डांच्या आतल्या हरणाला आणखी काय लागतं? बरं, सगळ्यांसाठी एक महत्त्वाचं: एच-वनवर असाल तर नुसते पैसे असून भागत नाही. नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्याला अपवाद आहे, पण ते आधी हातात हवं. दुकानात बंदूक घेताना भरायचा ४४७३ फॉर्म नीट वाचून भरा, चुकीची खूण फार महागात पडते. आणि २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मला असाल तर टेक्सासात हंटर एज्युकेशनही लागतंच.

सातारी_डावरा:

लिव्हर वाईट नाही, पण पालथं झोपून मारताना ती जमिनीला आपटते. आणि एवढ्या पैशांत बोल्टइतका हलका, स्वच्छ सुटणारा चाप मला लिव्हरमध्ये दाखवा. माझा निर्णय झालाय, टिक्का डावी, .३०८ मध्ये. दांडी फक्त सत्तर अंश उचलावी लागते, दुर्बिणीला बोटं घासत नाहीत. आणखी एक फायदा कोणी बोललंच नाही. पट्ट्याने डाव्या खांद्याला अडकवून चालताना उजव्या बोल्टची मूठ पाठीच्या कण्यात रुतते. मिनेसोटाकर, तुमचं काय होतं तेव्हा?

मिनेसोटाकर:

रुतते. दुपारनंतर जास्त. म्हणून मी स्टँड गाडीपासून जवळ लावतो.

पण मत बदललेलं नाही. तुमची ती टिक्का कधी विकायला काढलीत तर आधी मला कळवा. डावी आहे, गिऱ्हाईक मिळणार नाही, त्यामुळे भाव मी पाडूनच मागणार.