मदत हवी आहे: एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि डायलिसिससाठी निधी

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्पला (५,३६४ मीटर) जातेय. त्यानिमित्ताने डायलिसिसच्या गरजू पेशंटांसाठी निधी जमवायचाय. आई आठवड्यातून तीनदा चार-चार तास त्या खुर्चीत असायची. शेजारच्या खुर्चीतले काका रिक्षाला पैसे नाहीत म्हणून कधी कधी यायचेच नाहीत. ती रिकामी खुर्ची अजून डोळ्यांसमोर आहे.

दर रविवारी पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड चढते. पण आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, तिथे वाटेतलं नामचे गावच ३,४४०! उंचीची सवय व्हायला नामचे आणि त्यापुढच्या दिंगबोचेला एकेक जादा मुक्काम पुरतो का? बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामी, गोरक्षेपला, डोकं धरलं तर तुम्ही काय केलंत?

ट्रेकचा खर्च माझा, देणगी थेट संस्थेच्या खात्यात. तरी ओळखीच्यांकडे पैसे मागताना जीभ अडखळते. कुणी असा निधी जमवला असेल तर सुरुवात कशी केली, सांगाल का?