आजारी प्राण्याला निरोप: दिवस आपण ठरवायचा की वाट पाहायची?

अबोली
घरात सतरा वर्षांचा बोका आहे. मूत्रपिंडाचा आजार चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात पोचलाय. कातडीखाली सलाईन आम्ही घरीच देतो, मळमळीचं औषध चालू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता बरं होणं नाही, किती लांबवायचं ते तुम्ही ठरवा. घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतेय.

माझं मत असं की इंजेक्शन देऊन निरोप द्यायचा दिवस आपण ठरवावा, आणि त्याची पार दैना होण्याआधी ठरवावा. "जाईल एक दिवस झोपेत" असं सगळे म्हणतात. या आजारात तसं क्वचितच होतं. रक्तात विषारी द्रव्यं साठत जातात, उलट्या होतात, तोंडात व्रण पडतात, काहींना झटके येतात. आमचा आत्ताच ताटलीपाशी जातो, वास घेतो, ओठ चाटतो आणि मान फिरवून बसून राहतो. भूक आहे, पण अन्न घशाखाली उतरत नाही. याच्या पुढचं त्याने कशासाठी सोसायचं?

कोपरा
अजिबात पटलं नाही. ओठ चाटून मान फिरवणं ही मळमळ आहे, आणि मळमळीवर अजून उपाय असतात. भूक वाढवणारं मिर्टाझापिन कानाच्या आतल्या बाजूला चोळायच्या मलमातही मिळतं, गोळी कोंबावी लागत नाही. रक्तदाब मोजलाय का? मूत्रपिंडं गेलेल्या मांजरांचा रक्तदाब वाढून दृष्टीसुद्धा जाते. पोटॅशियम उतरलं तर मान खाली लोंबते आणि बघणाऱ्याला वाटतं, संपलं आता. या दोन्हींवर औषध आहे.

अजून एक सांगतो, राग मानू नका. पुढे काय होणार याची धास्ती आपल्याला असते, त्याला नाही. तो आजच्या दिवसात जगतो. त्याच्या उद्याची भीती आपल्याला सोसवत नाही म्हणून त्याचा आजचा दिवस काढून घ्यायचा, हे मला मान्य नाही.

निळी शाई
मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. अबोलीताईंच्या बाजूने बोलतेय, कारण दोन्ही प्रकार रोज डोळ्यांसमोर घडतात.

वेळेत आणलेला प्राणी असा जातो: आधी गुंगीचं इंजेक्शन. तो घरच्यांच्या मांडीवरच पेंगतो. मग शिरेतून पेंटोबार्बिटाल या भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही सेकंदांत शुद्ध हरपते, त्यानंतर श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, कधी नंतर एखादा खोल श्वास येतो, लघवी होते. हे आधी सांगितलं नाही तर माणसं हादरतात, पण तोवर प्राण्याला काही जाणवत नसतं.

उशिरा आणलेला प्राणी तोंड उघडं टाकून धापा टाकत येतो. अंगातलं पाणी आटलेलं, रक्तदाब पडलेला, त्यामुळे शीरच सापडत नाही. एका पायावर प्रयत्न, मग दुसऱ्या. तो घाबरलेला, घरचे रडतायत. कोपरा, तुम्ही म्हणता तो "आजचा दिवस" शेवटी हा असतो. तो कोणाच्याच वाट्याला येऊ नये.

कोपरा
असा शेवट मलाही नको. पण त्या भीतीपोटी लोक फार आधी हात टेकतात. आमची कुत्री मागच्या पायांवर उभी राहीना, फरशीवर पाय फाकून बसायची. संधिवात. जो तो म्हणाला, सोडव तिला. सगळीकडे सतरंज्या अंथरल्या आणि महिन्याला एक बेडिनवेटमॅबचं, म्हणजे सांधेदुखी कमी करणारं, इंजेक्शन सुरू केलं. त्यानंतर ती पुन्हा जिने चढली. लोकांचं ऐकलं असतं तर तेव्हाच गेली असती.

तिसरी घंटा
संधिवात आणि शेवटच्या टप्प्यातलं मूत्रपिंड यांची तुलना होत नाही, कोपरा. एकात वेदना कमी केली की आयुष्य उरतं, दुसऱ्यात शरीरच आवरतं घेत असतं.

अबोली, अंदाजावर ठरवू नका. प्राण्यांच्या कर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांची एक मोजपट्टी आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहणं ठीक मानतात. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळी भरा, एकमेकांना न दाखवता.

पायवाट
कागदावर बेरीज करून जीव घ्यायचा? मला हे फार कोरडं वाटतं. आणि मांजर दुखणं लपवतं, दुखत असतानाही गुरगुरतं, मग वेदनेला गुण कशाच्या आधारावर देणार?

निळी शाई
चेहऱ्यावरून, पायवाट. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे बारीक केलेले, नाकाभोवतीचा भाग ताणलेला, मिशा ताठ, डोकं खांद्यांच्या खाली. यावरूनच २०१९ साली मांजरांच्या वेदनेची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. ती तात्काळ वेदनेसाठी आहे, जुनाट दुखण्याचं सगळंच त्यात दिसत नाही. पण गुरगुरण्यावर विसंबण्यापेक्षा बरी.

अबोलीताई, सलाईन चालू असेल तर गाढ झोपेतले श्वास मोजत जा. मिनिटाला ३० च्या वर वारंवार जायला लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हृदय कमकुवत असलं तर तेच पाणी छातीत साठतं.

अबोली
पोटॅशियम बघितलंय, ठीक आहे. रक्तदाब कोणी मोजलेला नाही, तो मोजून घेते आणि त्या मलमाचंही विचारते. कोपरा, याबद्दल मनापासून आभार.

पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. मोजपट्टी भरताना नवऱ्याने आनंदाला सात दिले, मी दोन. तो संध्याकाळी घरी येतो तेव्हा बोका उठून दारापर्यंत जातो, तेवढंच त्याला दिसतं. बाकीचा दिवस बोका सोफ्याच्या मागे भिंतीकडे तोंड करून काढतो, ते मी बघते. मलमाने तो खायला लागला तर थांबेन. नाही लागला तर डॉक्टरांना घरी बोलावणार, आणि तो स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जाऊ शकतोय तोवरच.

कोपरा
जो दारापर्यंत चालत जातो त्याला मी निरोप देऊ शकणार नाही. तुमचा विचार कळतो, पण माझं मत तेच आहे. रक्तदाब किती निघाला ते मात्र इथे लिहा.